आक्काच्या बोटाचं माप

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, पोरींजवळ नाही. दत्ताच्या देवळात डोळे मिटून उभी राहते, तेव्हासुद्धा एवढं वगळून बाकीचं सगळं सांगते — जसं काही त्याला ठाऊकच नाही! आज तुमच्याजवळ बसलेय तर बोलून टाकते. मध्येच अडखळले, भलतीकडंच गेले, तर समजा की बाई अजून पळवाट शोधतेय.

आम्ही निपाणीचे. वडील शाळेत मास्तर. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. घरात आण्णा, आई, माझी थोरली बहीण आणि मी. मी इंदू. बहिणीला मी आक्का म्हणायची आणि माझं ऐकून सगळी गल्ली तिला आक्का म्हणायला लागली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी नुसती काडी होते, फुंकर मारली तर उडेन अशी. आक्का हाडापेरानं मजबूत. विहिरीचं पाणी ती ओढायची, जात्यावर ती बसायची, आणि मी पाटी घेऊन शाळेत. तिची बोटं जाड नव्हती हं, पण पेरं मोठी. काम करणाऱ्या बाईची असतात तशी.

आणखी एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या घरात नवं यायचं ते आक्काला. तिला होईनासं झालं की मग माझं. परकर, पोलकी, पायातल्या तोरड्या — सगळं. “आक्काला हुईत न्हाय, आता इंदीला,” असं आई म्हणाली की माझी दिवाळी. आक्का कधी वाढतेय याची मी वाट बघत बसायची. तिच्या एका हिरव्या खणाच्या पोलक्यावर माझा इतका जीव होता, की ती जाड व्हावी म्हणून मी माझी अर्धी भाकरी तिच्या ताटात सरकवायची. आणि ती बिचारी म्हणायची, “इंदी लई मायाळू हाय गं, आई.” हसताय? हसा. मीही कितीतरी वर्षं ही गोष्ट हसूनच सांगायची, पुढची सांगायची नसायची ना.

आक्काला सतरावं लागलं आणि बेळगावचं स्थळ आलं. घर वडगावात, घरात दोन माग, साड्या विणायचे. मुलगा मात्र शिकलेला, कचेरीत कारकून. बघायला आले तेव्हा आक्का मान खाली घालून, हात पदराखाली घेऊन बसली होती. मी दाराआडून बघत होते. त्या मुलानं मला बघितलं आणि विचारलं, “तू कितवीत गं?” बस्स, एवढंच. पण मला तोवर कुणी पाहुण्यानं काही विचारलंच नव्हतं. मी लाजून आत पळाले आणि चुलीपुढं बसून उगाचच लाकडं पुढं-मागं करत राहिले. आवडला होता का तो मला? असेल. तेरा वर्षांच्या पोरीला काय कळतं म्हणाल — तर थोडंफार कळतं.

मुलगी पसंत पडली. साखरपुड्याला मुलाकडची अंगठी येणार, ती वडगावात त्यांच्या सोनाराकडं घडवायची, तर बोटाचं माप पाठवा म्हणून निरोप आला. माप म्हणजे काय, बोटाला दोरा गुंडाळायचा, गाठ मारायची आणि ते कडं तसंच अलगद काढून पाठवायचं. मुलाचे काका तंबाखूच्या बाजाराला निपाणीत आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं ते परत जाणार होते, त्यांच्याजवळ दोरा द्यायचा होता.

आणि नेमकी त्याच दिवशी आक्का बाहेरची झाली. तेव्हा तीन दिवस शिवायचं नाही, मागच्या पडवीत वेगळं बसायचं, ताट लांबून सरकवायचं. आई कपाळाला हात लावून बसली. मग तिलाच सुचलं. “रेशमाला विटाळ नसतो,” ती म्हणाली आणि जुन्या शालूच्या पदरातून एक लाल रेशमी धागा तिनं ओढून काढला. “जा इंदे, हे तिच्याकडं टाक. तिचं ती माप घेऊन गाठ मारंल. मग तू उचलून आण. शिवू नको तिला.”

मी पडवीत गेले. दुपारची वेळ. आक्का घोंगडीवर कुशीला वळून झोपली होती, पोटाशी पाय घेऊन. त्या दिवसांत तिचं पोट फार दुखायचं. मी दारात उभी राहिले. दोरा माझ्या हातात.

मी तिला हाक मारली नाही.

तिची झोप मोडायला नको वाटली — असं मी स्वतःला सांगत आले. किती वर्षं! दया आली म्हणे मला. दया आली असती तर घटकाभर तिथंच बसले असते ना, ती उठेपर्यंत? कुठं जायचं होतं मला? काही नाही. मी दोरा माझ्याच बोटाला गुंडाळला. लाल रेशीम, माझं बारकं बोट — बघत राहिले. खरंच अंगठी घातल्यासारखं वाटलं. आणि तेव्हा माझ्या मनात जे आलं ते अगदी स्वच्छ आलं, आज जसं बोलतेय तसं. मनात आलं — आक्काला नाही झाली तर मला मिळेल.

पोलक्यासारखं. तोरड्यांसारखं.

मी गाठ मारली. दोन गाठी मारल्या, सुटू नये म्हणून. दोरा बोटातून काढला आणि आईला नेऊन दिला. “घेतलं माप?” आईनं विचारलं. मी म्हणाले, “व्हय.” बोलताना आवाज जरासुद्धा हलला नाही.

लग्न मोडेल असं मला वाटलं होतं का? नाही. देवाशपथ नाही. मला वाटलं होतं, सगळे हसतील, आक्काला दुसरी अंगठी करतील आणि ही लहान झालेली माझ्या डब्यात येईल. पोरबुद्धीच ती. पण तिच्या आड लपणार नाही मी. कारण साखरपुड्याच्या दिवशी काय चाललंय ते मला लख्ख कळत होतं.

त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. आक्का नव्या शहापुरी साडीत पाटावर बसलेली. मुलाच्या आईनं पेढा भरवला, ओटी भरली आणि बटव्यातून अंगठी काढली. लाल खड्याची. आक्काच्या बोटात सरकवली तर पेरावर अडली. पहिल्यांदा सगळे हसलेच. कुणीतरी म्हणालं, “मिठाई आधीच खाल्ली वाटतं नवरीनं!” माझी मावशी पुढं सरसावली. “इंदे, खोबरेलाची वाटी आण गं.”

मी आणली. मीच आणली. मावशीनं बोटाला तेल चोपडलं आणि रेटा दिला. आक्का ओठ चावून बसलेली. अंगठी कशीबशी पेराच्या पलीकडं गेली आणि तिथंच रुतून बसली. आता पुढं जाईना, मागं येईना. बघता बघता बोट सुजलं. लाल झालं, मग जांभळं पडायला लागलं. हसणं थांबलं.

गल्लीच्या तोंडाशी सोनार होता, त्याला बोलावून आणलं. त्यानं बोटावर घट्ट सुतळी गुंडाळून अंगठी वर सरकवायची खटपट केली, पण सुजेपुढं काही चालेना. शेवटी मुलाच्या आईनं मान हलवली आणि त्यानं बारीक करवतीनं अंगठी कापली. साखरपुड्याच्या पाटावर, अक्षता अजून आक्काच्या केसांत होत्या. कापताना थोडं कातडंही गेलं.

सोनार बिचारा घाम पुसत म्हणाला, “त्यात काय न्हाय वैनी. बारीक तुकडा घालून डाक लावून सांधतो, सांजच्याला बोटात घाला.” खरंच, त्यात काही नव्हतं. अंगठी लहान-मोठी होतच असते. आईनं त्याचाच धागा धरला, “दोरा आखडला असंल वो. पेटीत ठिवल्यावर आखडतो.”

तेव्हा मुलाच्या आईनं बटव्यातून तो दोरा काढला. जपून ठेवला होता त्यांनी. कापलेली अंगठी चिमटीत दाबून गोल केली आणि तिच्यात ते लाल कडं बसवलं. तंतोतंत बसलं. “आमच्या घरात माग हायत,” त्या म्हणाल्या. “रेशीम आखडतंय का न्हाय, ते मला सांगू नका. मापात खोट न्हाय. म्हैन्यामागं बोट एवढं हुतं आणि आज हे एवढं. पोरीच्या अंगावर सूज चढती-उतरतीया. बघायला आलो तवा हात पदराखाली का हुता, ते आता कळलं.”

आई म्हणाली, “न्हाय वो, तिला कसला आजार? पाणी ओढती, दळती—”

“अंगठी नीट हुईल,” त्या म्हणाल्या. “बोटाचं काय?”

आणि मी तिथंच उभी होते. तेलाची वाटी हातात धरून, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. काय लागत होतं मला बोलायला? ‘ते माप माझ्या बोटाचं हाय.’ एवढंच ना? माझा हात पुढं केला असता, ते कडं माझ्या बोटात घालून दाखवलं असतं, तर झालं असतं. आण्णांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या. पाहुणे हसले असते, नाहीतर चिडले असते, पण आक्काच्या अंगावरचा तो डाग तिथल्या तिथं पुसला गेला असता. मला हे सगळं तेव्हाच कळत होतं. जीभ टाळ्याला चिकटली होती असं म्हणतात ना? खोटं. जीभ मोकळी होती माझी. मी भ्याले आणि गप्प बसले.

त्याहून वाईट आहे ते सांगू का? त्यांनी ती कापलेली अंगठी बटव्यात टाकली आणि बटव्याची दोरी ओढली, तेव्हा मला हळहळ वाटली. आक्काचं लग्न गेलं म्हणून नव्हे. अंगठी गेली म्हणून. क्षणभरच — पण वाटली.

पाहुणे पानसुपारी न घेता गेले. मुलगा जाताना मान वर करून बघत नव्हता. सगळी पांगल्यावर आण्णांनी विचारलं, “माप घेतलं कुणी?” आई रडत रडत म्हणाली, “तिचं तिनंच. मागं बसलीती तवा. इंदीनं दोरा नेऊन दिला.”

आक्का भिंतीला टेकून बसली होती, बोटाला हळदीचं फडकं बांधून. तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्यापर्यंत कुणी दोरा आणलाच नव्हता, आणि हे घरात दोघींनाच ठाऊक होतं. मी भुईकडं बघायला लागले. मला वाटलं, आता ही सांगते. आता सांगेल.

“व्हय,” आक्का म्हणाली. “मीच घेतलं.”

त्यानंतर आण्णांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

का म्हणाली ती तसं? मी माझ्या सोयीचं उत्तर काढलं होतं. म्हटलं, तिला झोपेत काय ठाऊक. तिला वाटलं असेल की इंदीनं शिवाशीव न पाळता झोपेतच तिचं माप घेतलं आणि आईच्या हातचा मार नको म्हणून तिनं ते झाकलं. मग चूक कुठं झाली, हे तिलाही कळलं नसणार. बघा, कसं रचलं होतं मी! आणि या रचलेल्या गादीवर मी वर्षानुवर्षं झोपले.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. अंगठी कापून काढली म्हणे. अंगावर सूज आहे म्हणे. पोटात रोग आहे, मूल होणार नाही म्हणे. आक्का रोज तेवढंच पाणी ओढत होती, तेवढंच दळत होती, आणि विहिरीवर बायका तिच्या हातांकडं बघायच्या. पुढं जी स्थळं आली ती दारातूनच चौकशी करून गेली. आक्का हात पदराखाली घ्यायला शिकली. पूर्वी कधी कुणासमोर तरी घ्यायची, आता घरातसुद्धा.

मी वाढत होते. मी सतरा-अठराची झाले आणि मला चांगली स्थळं सांगून यायला लागली. पण थोरलीचं झाल्याशिवाय धाकटीचं कसं करणार? मग आण्णांनी घाई केली. लोंढ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला असलेले एक गृहस्थ, चाळिशी उलटलेली, पहिली बायको वारलेली, दोन मुलं. त्यांनी बोटाबिटाची चौकशी केली नाही. त्यांना घर सांभाळायला माणूस हवं होतं. माझी वाट मोकळी व्हावी म्हणून आक्का लोंढ्याला गेली. तेव्हा तरी मी बोलायचं की नाही? आण्णा समजूतदार होते, ऐकून घेतलं असतं. आता तेरा वर्षांची नव्हते मी. पण बोलले असते तर माझं स्थळ — बेळगावच्या वकिलाचं, शिकलेलं घर — ते राहिलं असतं का? मनात हा हिशेब मी केला. करून गप्प बसले. माझ्या साखरपुड्याची अंगठी मला अगदी नीट बसली.

आक्काचे यजमान वाईट नव्हते. फार बोलायचे नाहीत, एवढंच. मुलं तिला आई म्हणायला लागली. पण लोंढ्याचं ते रान, तो बारमाही ओलावा, डास. हिवताप तिच्या अंगात शिरला तो निघालाच नाही. दरवर्षी येऊन तिला थोडं थोडं घेऊन जायचा. तिला स्वतःचं मूल झालं नाही. आमच्या आईला वाटायचं, बघा, वडगावच्या बाई बोलल्या ते खोटं नव्हतं. आईनंही शेवटी तेच मानलं. माझ्यासमोर मानलं, आणि मी तेव्हाही —

असो. दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या मिळत नव्हत्या. आक्काला फार झालंय म्हणून कळलं तेव्हा मी लोंढ्याला गेले. ओळखू आली नाही मला. ती विहीर ओढणारी आक्का खाटेत कुठं होती ते शोधावं लागलं. मी तिच्याजवळ आठवडाभर राहिले. पेज करायची, अंग पुसायची, वेणी घालायची. तिच्या बोटात यजमानांनी घातलेली एक साधी सोन्याची अंगठी होती, बिनखड्याची. ती आता बोटात ठरत नव्हती. पेजेत पडली, गोधडीत पडली. दर वेळी ती हातानं चाचपत शोधायची. एका दुपारी म्हणाली, “दोरा गुंडाळून दे की गं हिला. हरवंल कुठंतरी.”

मी सुई-दोऱ्याच्या डब्यातून पांढरा दोरा घेतला आणि अंगठीच्या खालच्या बाजूला, तळहाताकडं येते तिथं, एकाशेजारी एक वेढे घालत गेले. थोडे घातले, बोटात घालून बघितली, सैल. काढली, आणखी घातले. मग पुन्हा. ती मोठी पेरं तेवढी राहिली होती, पेरांमधलं बोट आटून गेलं होतं. पेरावरून जायला हवी आणि खाली ठरायला हवी. बराच वेळ लागला.

ती अंगठी आता माझ्याजवळ आहे. त्या पावसाळ्याच्या आधीच आक्का गेली आणि बारा दिवस झाल्यावर तिच्या यजमानांनी ती माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, “तुमच्या बहिणीची आठवण. तुम्ही ठेवा.” म्हणजे शेवटी आक्काला होईनाशी झालेली अंगठी माझ्याकडंच आली बघा. दोरा अजून तसाच आहे तिला, मळून पिवळा झालाय. मी अंगानं भरले आता. दोरा काढला तर मला नीट बसेल. मी काढलेला नाही आणि ती घातलेलीही नाही.

पण त्या दुपारचं थोडं राहिलं सांगायचं. तेच कधीपासून टाळतेय मी.

शेवटचा वेढा घालून मी तिच्या बोटात अंगठी सरकवली. ठरली. आक्कानं हात वर धरून बघितला, हलवून बघितला. मग माझ्याकडं बघून हसली — चिडून नाही, टोमणा म्हणून नाही, आपण पाणी पिऊन भांडं ठेवावं इतक्या सहज ती बोलली.

“बरी बसली,” म्हणाली. “या खेपंला माझ्याच बोटाचं माप घेतलंस.”

तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. मी रचलेलं काहीच खरं नव्हतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती, वाट बघत होती. तेव्हासुद्धा एक वाक्य पुरलं असतं. नुसतं ‘आक्का’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी खाली वाकले, लोंबणारा दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, “हात पालथा कर, गाठ बघू दे.”

तिनं हात पालथा केला.